गोष्ट कोणाच्या तोंडची?



चालकांनी पत्राने विषय विचारला तेव्हा आम्ही 'कथनातील दृष्टिकोन' असे भारदस्त नाव कळवून मोकळे झालो. मागाहून वाटले, दिवसभराची कामे उरकून, या उकाड्यात, घरच्या पंख्याखालची जागा सोडून जे लोक येथे येऊन बसतात त्यांच्यावर हा अन्याय आहे. म्हणून नाव बदलले. आमचा प्रश्न साधा आहे. गोष्ट कोणतीही असो, ती कोणाच्या तोंडची आहे, आणि सांगणारा त्या वेळी कोठे उभा होता?

'उभा होता' हे आम्ही अलंकार म्हणून म्हणत नाही. आमचे घर पुण्यात, नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि दुपारी खडकवासल्याचे. त्या दिवसाची हकीकत आमच्या घरात वर्षानुवर्षे दोघे सांगत आले. एक आमचे वडील आणि दुसरी आमची आत्या. वडील सकाळीच कामाला डेक्कनच्या बाजूस गेलेले होते. पाणी वाढले, लकडी पूल पाण्याखाली गेला आणि ते पलीकडेच अडकले. त्यांच्या गोष्टीत नदी आहे, पूल आहे, वाहत आलेली लाकडे आणि जनावरे आहेत, काठावर उभे राहिलेले हजारो लोक आहेत. घर मात्र नाही. आत्या त्या वेळी एकोणीस वर्षांची होती आणि वाड्याच्या माडीवर होती. तिच्या गोष्टीत नदी नाहीच. तिच्या गोष्टीत जिना आहे. एक पायरी बुडाली, दुसरी बुडाली, सातवी बुडाली, आणि आठवीवर पाणी थांबले. वडिलांची गोष्ट ऐकताना आम्हा मुलांना वाटे की पूर ही एक प्रचंड देखणी आणि भयंकर गोष्ट आहे. आत्याची ऐकताना पाय पोटाशी घ्यावेसे वाटत. पूर एकच होता आणि दोघांपैकी कोणी खोटे बोलत नव्हते.

चित्रकाराला ही अडचण ठाऊक असते. तो जेथे खुर्ची मांडतो तेथून देवळाचा कळस दिसेल किंवा पायऱ्या दिसतील. मागची बाजू दिसणार नाही. गोष्ट सांगणाऱ्यालाही कोठे तरी खुर्ची मांडावीच लागते. गंमत अशी की चित्रकाराची खुर्ची त्याला स्वतः निवडता येते, पण गोष्ट सांगणाराची निम्मी खुर्ची त्याच्या भाषेने आधीच मांडून ठेवलेली असते.

आपल्या मराठीचेच पाहा. 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आपल्याजवळ आहेत. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटले की ऐकणारा बाहेर राहिला; 'आपण जेवायला जाऊ' म्हटले की तो पंगतीत आला. इंग्रजीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो, आणि पाहुण्याला आपल्याला बोलावले की नाही हे संदर्भावरून ओळखावे लागते. मराठी माणूस एका शब्दात दार उघडतो किंवा लावून घेतो. (आम्ही येथे मघापासून 'आम्ही' म्हणत आहोत ते दार लावण्यासाठी नव्हे. जुन्या शिक्षकाची ती सवय आहे. या वयात ती जाणार नाही.)

दुसरा शब्द 'म्हणे'. 'पूर आला' आणि 'पूर आला म्हणे' या दोन वाक्यांत पाण्याची उंची तेवढीच आहे; पण दुसऱ्या वाक्यात सांगणाऱ्याने आपले पाय कोरडे आहेत हे कबूल केले. एवढासा शब्द, पण वर्तमानपत्राच्या संपादकाने आणि गावच्या पाराने तो रोज दहा वेळा वापरला तर पुष्कळ भांडणे वाचतील.

तिसरी गोष्ट, दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची आपली रीत. 'रामभाऊ म्हणाले की मी उद्या येतो.' यातला 'मी' कोण? बोलणारा नव्हे, रामभाऊ! इंग्रजीत हे वाक्य करताना शाळेत आपणांस छड्या खाव्या लागल्या. 'मी'चा 'तो' करा, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' करा, क्रियापद मागे न्या. म्हणजे सांगणारा आपल्या जागेवर ठाम उभा राहतो आणि रामभाऊंना आपल्याकडे ओढून घेतो. मराठीत सांगणाराच क्षणभर रामभाऊंच्या अंगात शिरतो. आपले कीर्तनकार उत्तररंगात हेच करतात. उपरणे सावरले की द्रौपदी, छाती पुढे काढली की दुःशासन, आणि टाळ वाजला की पुन्हा बुवा. या पाहुणचाराची सवय भाषेनेच आपणांस लावलेली आहे.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट आहे ती क्रियापदाची. मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हणावे लागते. बोलणारा पुरुष की स्त्री हे लपविता येत नाही. 'मी पत्र लिहिले' यात लपते, कारण तेथे क्रियापद पत्राच्या मागे जाते. 'मी जाईन' यातही लपते. पण माणूस दोन वाक्ये बोलला की कोठे तरी 'बसले', 'रडले', 'निघाले' येतेच आणि पडदा दूर होतो. बंगालीत असे नाही. रवींद्रनाथांच्या 'घरे बाइरे' या १९१६ च्या कादंबरीत बिमला, निखिलेश आणि संदीप असे तिघे आळीपाळीने 'मी' म्हणून बोलतात. बंगाली क्रियापद स्त्रीपुरुषभेद जाणत नसल्याने कोण बोलते आहे हे प्रकरणाच्या मथळ्यावर लिहिलेले असते. मराठीत आणताना निदान बिमलेपुरता मथळा गाळला तरी चालेल. चौथ्या ओळीतले क्रियापदच तिचे नाव सांगेल. आपल्यातही एक अपवाद आहे, आणि कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी येथे असतील तर ती हसत असतील. त्या बाजूच्या पुष्कळ बायका 'मी येतो', 'मी जातो' असेच बोलतात. पुण्याच्या शाळेत त्यांना सुधारण्याचा उद्योग चालतो. आमच्या मते तो करू नये.

आता या क्रियापदाने एका लेखकाला काय करावयास लावले ते पाहू. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' काढले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने आली. पुस्तक १८९३ चे. ती यमूच्या तोंडची आहे. यमू ही त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातली मुलगी. लहानपणी लग्न झालेली, शिकलेल्या नवऱ्याजवळ थोडे दिवस सुखाने राहिलेली, आणि विधवा झाल्यावर जिचे जबरदस्तीने केशवपन केले गेले अशी. हरिभाऊंना ही कथा 'यमू असे म्हणाली, यमू तेथे गेली' अशी सांगता आली असती. तेव्हाच्या सुधारकांचे निबंध तसेच लिहिलेले आहेत, आणि चांगले आहेत. त्यांत विधवांची दैना आहे, आकडे आहेत, शास्त्रार्थ आहे. पण निबंधकार पलीकडच्या काठावर उभा आहे, आमच्या वडिलांसारखा. त्याला पूर दिसतो; जिना दिसत नाही.

हरिभाऊंनी 'मी' लिहिले, आणि त्याबरोबर पानोपानी 'मी गेले, मी बसले, मी रडले' लिहिणे त्यांना भाग पडले. इंग्रजीत एखाद्या पुरुषाने स्त्रीचा 'मी' घेतला तर तो मधूनमधून विसरून जाऊ शकतो, वाचकही विसरतो. मराठीत विसरण्याची सोय नाही. शेकडो पाने, दर दोन ओळींना, त्या पुरुषाला आपल्या लेखणीने आपले पुरुषपण खाली ठेवावे लागले. आम्हांस वाटते की या कादंबरीचे निम्मे बळ येथे आहे. आणखी एक सोय या 'मी'ने केली. यमूला लहानपणी मोठ्यांच्या बोलण्यातले सारे कळत नाही. ती फक्त ऐकलेले सांगते. तिला न कळलेले वाचकाला कळते, आणि तिच्यापुढे काय वाढून ठेवले आहे ते तिच्याआधी आपल्याला दिसू लागते. असे दिसू लागले की माणूस पुस्तक मिटू शकत नाही. निबंध मिटू शकतो.

येथे कोणी म्हणेल, बाईची कहाणी बाईनेच का सांगू नये? सांगावीच, आणि पुढे त्यांनी सांगितलीही. रमाबाई रानड्यांचे पुस्तक १९१० साली आले. त्याच्या नावात मात्र 'माझ्या' नाही. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असे आहे. त्या 'आमच्या'त नवरा आधी आहे आणि लिहिणारी त्याच्या आडोशाला. ज्या घरांत नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही, 'इकडून येणं झालं' असे कर्ता गाळून बोलावयाचे, त्या घरांतल्या बाईने 'मी' हा शब्द कागदावर एकटा उभा करणे ही सोपी गोष्ट नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त तो उभा राहिला, आणि काय ऐटीत राहिला! एका थोर कवीच्या लहरींचे, रागाचे आणि देवभोळ्या उदारपणाचे असे चित्र त्याच्या कोणत्याही शिष्याला काढता आले नसते. कारण शिष्य पायाशी बसतो, आणि चुलीपाशी बसलेल्या माणसाला तेथून निराळेच दिसते.

आतापर्यंत आपण भाषेत होतो. आता पडद्याकडे जाऊ. त्यासाठी आपणां सर्वांस पाठ असलेले पुस्तक घेतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले; ते १९३५ साली छापले गेले. त्याची घडण फारसे कोणी पाहत नाही, कारण डोळ्यांत पाणी असते. ती आईची गोष्ट नाही. मोठा झालेला श्याम आश्रमात रात्री प्रार्थनेनंतर मित्रांना जे सांगतो ती ही गोष्ट आहे. प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे. म्हणजे आई आणि आपण यांच्यामध्ये एक माणूस बसलेला आहे, आणि त्या माणसाची आई गेलेली आहे. पोहायला जायला भिणाऱ्या श्यामला आई मारते, तेव्हा मार खाणारा मुलगा आणि सांगणारा माणूस एक नाहीत. मार सांगण्यापूर्वीच त्याने आईला क्षमा केलेली आहे. किंबहुना तिचीच क्षमा मागण्यासाठी तो सांगत आहे. एकही वाक्य असे नाही की ज्यावर त्या पुढच्या दुःखाची सावली नाही.

आचार्य अत्र्यांनी १९५३ साली याचा चित्रपट केला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला चित्रपट. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम. आणि पाहा, जे पुस्तकात कधीच शक्य नव्हते ते झाले. आई स्वतः आपल्यासमोर उभी राहिली. श्यामच्या आठवणीतून गाळून आलेली नव्हे, तर श्याम खोलीत नसतानाही असणारी. कॅमेऱ्याला 'मारले' असा भूतकाळ येत नाही. पडद्यावर हात उगारला की तो आत्ता उगारलेला असतो, आणि थिएटरात बसलेले पोर आत्ता डोळे मिटते. क्षमा नंतर यावयाची असते. चित्रपट मोठा झाला यात शंका नाही. पण तो आईचा चित्रपट झाला. पुस्तक मुलाचे होते. २०२३ साली याच पुस्तकावर पुन्हा एक चित्रपट आला, तोही कृष्णधवल, आणि त्यात मोठे झालेले गुरुजी पुन्हा पडद्यावर आले. पहिल्याने जो सांगणारा बाजूला ठेवला होता त्याला दुसऱ्याने परत बोलावले. कोणता चांगला यावर आपल्याकडे वाद झाले. आम्ही त्या वादात पडत नाही. आईने एकदा पडद्यावर चेहरा घेतला की तो पुसता येत नाही, एवढे मात्र सांगतो. आजही पुस्तक उघडले की आम्हांस वनमालाबाईच दिसतात, आणि आमच्या आधीच्या ज्या वाचकांना स्वतःची आई दिसत असेल त्यांचा हेवा वाटतो.

रेडिओची तऱ्हा उलटी. त्याला तोंड नाही, नुसता गळा आहे. पुणे आकाशवाणीने १९५५-५६ साली माडगूळकर आणि फडके यांचे गीतरामायण वर्षभर ऐकविले. छप्पन्न गीते, आणि बहुतेक प्रत्येक गीत कोणा ना कोणा पात्राच्या तोंडचे. दशरथ, कौसल्या, सीता, भरत, मारुती. वाल्मीकींनी रामासमोर कुशलवांना गायला बसविले, म्हणजे रामाला स्वतःचीच गोष्ट, ती आपलीच मुले आहेत हे ठाऊक नसताना, त्यांच्या तोंडून ऐकविली. गोष्ट कोणाच्या तोंडची याचा याहून धारदार उपयोग आम्हांस तरी माहीत नाही. माडगूळकरांनी तेथूनच आरंभ केला. रेडिओवर निरनिराळे गळे होते. पुढे फडके एकटेच व्यासपीठावर बसून सगळी गाऊ लागले, आणि पुन्हा कीर्तन झाले.

एक परदेशी उदाहरण देऊन हा भाग संपवितो. अकुतागावा या जपानी लेखकाची १९२२ सालची एक लहानशी कथा आहे. झाडीत एका पुरुषाचे प्रेत सापडले आहे, आणि कथेत फक्त सात जबान्या आहेत. लाकूडतोड्या, भिक्षू, शिपाई, म्हातारी, दरोडेखोर, मेलेल्याची बायको, आणि शेवटी देवर्षिणीच्या तोंडून खुद्द मेलेला. शेवटचे तिघेही म्हणतात, तो मेला तो माझ्या हातून! सामान्य जबानीत माणूस गुन्हा दुसऱ्यावर ढकलतो. येथे प्रत्येक जण तो ओढून घेतो, कारण प्रत्येकाला आपल्या गोष्टीत आपण बरे दिसायला हवे आहोत. कुरोसावाने यावरून १९५० साली 'राशोमोन' केला. पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात साक्षीदार पांढऱ्या वाळूच्या अंगणात बसून थेट आपल्याकडे पाहत बोलतात. न्यायाधीश दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. त्याची जागा कॅमेऱ्याची, म्हणजे आपली! तिकीट काढून गेलेल्या माणसाला कुरोसावाने निकाल देण्याच्या पाटावर बसविले आणि निकालपत्र कोरे ठेवले.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि तो बहुधा धरणाऱ्याच्याच तोंडाकडे वळलेला असतो. त्यावर आम्ही बोलणार नाही. तरुण मंडळी घरी जाऊन आमचीच चित्रफीत पाहतील.

आता आमच्या घरचे अर्धे राहिले आहे ते सांगतो. २०११ साली पुराला पन्नास वर्षे झाली. आम्ही नोकरीतून मोकळे होण्याच्या बेतात होतो, हात शिवशिवत होते, म्हणून घराण्याची हकीकत चाळीस पानांत लिहून छापली आणि नातेवाइकांत वाटली. पुराचे प्रकरण विशेष रंगवून लिहिले. पूल वडिलांकडून घेतला, जिना आत्याकडून. त्यात एक वाक्य असे होते: 'आत्याने प्रसंगावधान राखून मुलांना माडीवर नेले आणि घरातील सर्व मंडळी सुखरूप राहिली.' मुले म्हणजे आमची बहीण आणि आम्ही; आमचे वय तेव्हा चार.

आत्याने पुस्तक वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, "अरे, मी कुठं नेलं? मी वरच होते. पापड वाळत घातले होते ते पावसानं आत घेत होते. तुम्हा दोघांना तिनं आणलं, मागल्या पडवीतल्या बाईनं."

मागल्या पडवीत धुण्याभांड्याला असलेली एक बाई राहत असे. कोल्हापूरकडची. तिने आम्हांस अंगणातून उचलले, एकाला कडेवर आणि एकीला हाताला धरून, आणि माडीवर आणून टाकले. मग ती आपली ट्रंक आणण्यासाठी पुन्हा खाली गेली. तोवर पडवीत कमरेइतके पाणी झाले होते. ती वर आली ती रिकाम्या हातांनी. पाणी ओसरल्यावर पडवी उरली नव्हती. चार दिवस ती शाळेतल्या छावणीत राहिली, मग निरोप घ्यायला आली. आत्याला तिचे एवढेच शब्द आठवत होते: "वैनीबाई, येतो."

"मग तू पन्नास वर्षांत हे सांगितलं का नाहीस?" आम्ही विचारले.

"तुम्ही जिना विचारायचात," आत्या म्हणाली.

वडिलांच्या गोष्टीत ही बाई असणे शक्यच नव्हते. ते पलीकडे होते. आत्याच्या गोष्टीत ती मुलांना ठेवून जिन्यावरून खाली गेली, म्हणजे गोष्टीतूनही गेली. आमच्या पुस्तकात 'घरातील सर्व मंडळी' होती, आणि ती पडवीतली होती. तिचा शोध आम्ही त्या वर्षी केला. वाडा पडून इमारत झालेली, जुने भाडेकरू पांगलेले. काही लागले नाही.

मग आम्ही एक वही घेतली. हरिभाऊंना साधले ते आपणही करून पाहू असे ठरविले, आणि तिच्या तोंडून लिहायला बसलो. पहिले वाक्य लिहिले: 'पाणी आले तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते.' आत्याला वाचून दाखविले.

आत्याने तेथेच थांबविले. "होते नव्हे. होतो. ती 'होतो' म्हणायची."

आम्ही खोडून 'होतो' केले आणि विचारले, "आणि पुढं?"

"पुढचं मला काय माहीत?" आत्या म्हणाली. "मी वर होते."

आत्या २०१८ साली गेली. वही आमच्याजवळ आहे. तीत ते एक वाक्य आहे.